'घरांत' आणि एका जुन्या लूपचा अर्थ

गेल्या जुलैमध्ये आमच्या बडोद्याच्या कार्यालयात एकाच हीट एक्स्चेंजरसाठी (एका द्रवाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या नळ्यांच्या यंत्रासाठी) एकाच प्रोग्रॅमने दोन वेगळी उत्तरे दिली. सकाळी त्या एकट्याचे गणित केले तेव्हा नळ्यांमधील प्रेशर ड्रॉप, म्हणजे दाबातील घट, जेवढा आला, त्याच्या जवळजवळ दीडपट तो दुपारी आला. दोन्ही वेळी दिलेली माहिती अक्षरशः तीच होती. फरक एवढाच की दुपारी तो एक्स्चेंजर इतर सहा एक्स्चेंजरांच्या रांगेत चौथा होता. रांगेतील क्रम बदलला की उत्तर बदलते हे लक्षात आले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, कारण दोन्ही उत्तरे दिसायला शक्य कोटीतील होती आणि त्यांपैकी एखादे मी निःशंकपणे सही करून ग्राहकाकडे पाठवले असते.

हा प्रोग्रॅम १९७३ सालचा आहे. कोयलीची रिफायनरी आणि पाठोपाठ आलेले खतांचे व पेट्रोकेमिकलचे कारखाने यांच्या आधाराने बडोद्यात ज्या लहान सल्लागार संस्था उभ्या राहिल्या, त्यांपैकी एकीत तो पंच-कार्डांवर, म्हणजे भोके पाडलेल्या कार्डांवर, फोर्ट्रान या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिला गेला. ज्यांनी तो लिहिला त्यांना कार्यालयात सगळे काका म्हणत; ते निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली आणि आता दांडिया बाजारातल्या जुन्या घरी असतात. त्यांच्यानंतर प्रोग्रॅम तीन वेळा नव्या मशीनवर गेला आणि प्रत्येक वेळी त्याची उत्तरे चालू कारखान्यांतील प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहिली गेली. त्याचे खरे मोल या ताडणीत आहे. अकरा हजार ओळी एक वेळ पुन्हा लिहिता येतील, परंतु ज्या एक्स्चेंजरांवर ती मोजमापे घेतली होती त्यांपैकी बरेच कधीच मोडीत निघाले, त्यामुळे ती ताडणी आता कोणालाही पुन्हा करता येणार नाही. म्हणूनच बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी, म्हणजे जुने लिखाण नव्या कंपायलरवर (लिखाण मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमवर) जुन्याच अर्थाने चालणे, हा माझ्यासाठी सोयीचा नव्हे, विश्वासाचा प्रश्न आहे.

मार्चमध्ये आम्ही जुनी मशीन बंद केली आणि प्रोग्रॅम जीफोर्ट्रान या आजच्या कंपायलरवर कंपाईल केला. काही इशारे आले, चूक एकही दाखवली गेली नाही.

दोष शोधायला चार दिवस लागले. नळ्यांमधून द्रव किती वेळा फिरतो, म्हणजे किती 'पास' आहेत, त्यातून एक वजा करून आलेल्या संख्येपर्यंत एक लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींचा गट, चालत होता आणि त्या लूपमध्येच द्रवाची व्हिस्कॉसिटी, म्हणजे चिकटपणा, काढली जात होती. एक्स्चेंजर सिंगल पास असेल तर ही संख्या शून्य होते. आजच्या फोर्ट्रानमध्ये एकपासून शून्यापर्यंतचा लूप एकदाही चालत नाही. त्यामुळे व्हिस्कॉसिटी नव्याने काढलीच जात नव्हती, आणि त्या जागी आधीपासून जे असेल तेच वापरले जात होते: सकाळी, प्रोग्रॅम सुरू होताना भरून ठेवलेली पाण्याची, दुपारी, रांगेतील तिसऱ्या एक्स्चेंजरमधल्या तेलाची. म्हणजे दोन्ही उत्तरे चुकीची होती.

पुढच्या रविवारी छापील ओळी घेऊन मी काकांकडे गेले.

"अगं, लूप एकदा तरी फिरणारच ना," ते म्हणाले. "आम्ही ते धरूनच चालायचो. सिंगल पासला शून्य आलं तरी एकदा आत जायचं, आणि तेवढ्यात व्हिस्कॉसिटीचं काम उरकायचं."

"पण काका, फोर्ट्रान सत्त्याहत्तरच्या नियमाने शून्य म्हणजे शून्य. आत जाणंच नाही."

"मग मधली इतकी वर्षं बरोबर कसं चाललं?"

हा प्रश्न नेमका होता, आणि त्याचे उत्तर मला कार्यालयात परतल्यावर जुन्या बॅकअपमध्ये सापडले. जुन्या मशीनवर कंपायलरला ज्या आज्ञा दिल्या जात त्यांच्या फाईलमध्ये एक स्विच होता: लूप किमान एकदा चालवावा. १९८०च्या दशकात, प्रोग्रॅम पहिल्यांदा नव्या मशीनवर नेताना, कोणीतरी जाणत्या माणसाने तो घातला असावा. ती फाईल केवळ त्या मशीनपुरती आहे असे समजून आम्ही ती सोबत आणली नाही. मूळ फायलींमध्ये या स्विचचा उल्लेख कुठेही नव्हता.

हा लूप मला पुन्हा पुन्हा विचार करायला लावतो, कारण फोर्ट्रान ७७ या आवृत्तीने, जिचे मानक, म्हणजे भाषेची अधिकृत नियमावली, प्रत्यक्षात १९७८ साली मंजूर झाले, या एकाच विधानात दोन वेगळ्या जातीचे बदल केले होते. पूर्वीच्या मानकात लूपच्या मर्यादा म्हणून फक्त साधी पूर्णांक संख्या किंवा साधे व्हेरिएबल, म्हणजे संख्येला दिलेले नाव, लिहिता येत असे. 'पास वजा एक' असे तिथेच लिहिण्याची मुभा नव्हती, म्हणूनच काकांनी वरच्या ओळीत वजाबाकी करून तिला वेगळे नाव दिले होते. फोर्ट्रान ७७ने ती मुभा दिली. या बदलाने जगातील एकाही चालू प्रोग्रॅमला धक्का लागला नाही, कारण जे आधी लिहिताच येत नव्हते ते कोणी लिहून ठेवलेले असणे शक्य नव्हते. दुसरा बदल शून्य फेऱ्यांचा. त्यात लिखाण तेच राहिले आणि अर्थ बदलला.

मानक ठरवणाऱ्या समितीची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. १९६६च्या मानकाने सुरुवातीची संख्या शेवटच्या संख्येपेक्षा मोठी असलेल्या लूपला अर्थच दिलेला नव्हता. तसे लिहिणे नियमाबाहेरचे होते, आणि पुष्कळ कंपायलर केवळ अंतर्गत रचनेमुळे तो एकदा चालवत असत. कागदावर पाहिले तर समितीने कोणाचेही नियमबद्ध लिखाण मोडले नाही. शून्य वेळा करायचे काम शून्य वेळा होणे हेच शहाणपणाचे आहे, आणि त्यापूर्वी सावध प्रोग्रॅमरना प्रत्येक लूपच्या आधी एक तपासणी लिहावी लागे, ती कटकट या बदलाने गेली. हा बदल व्हायला हवाच होता, असे माझेही मत आहे. परंतु काकांसमोर १९७३ साली मानकाची प्रत नव्हती; समोर होता एक कंपायलर, आणि तो जे करी तेच त्यांच्यासाठी भाषेचे व्याकरण होते. नियम आणि वहिवाट यांत अंतर पडते तेव्हा माणसे वहिवाटीवर घर बांधतात.

काकांनी त्या दिवशी कपाटातून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात प्रोग्रॅमच्या एका भागाची मूळ कार्डे होती, गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर तिरकी लाल रेघ मारलेली. गठ्ठा हातून पडला तर रेघ जुळवून कार्डे पुन्हा क्रमाने लावता यावीत यासाठी. शिवाय प्रत्येक कार्डाच्या शेवटच्या आठ रकान्यांत अनुक्रमांक होता. कार्ड ८० रकान्यांचे. पहिले पाच विधानाच्या क्रमांकासाठी, सहावा मागील ओळ पुढे चालू आहे हे सांगण्यासाठी, सात ते बहात्तर प्रोग्रॅमसाठी, आणि ७३ ते ८० कंपायलरने पाहायचेच नाहीत. कार्डे गेली तरी हा बहात्तरचा नियम राहिला. आमच्याकडे नव्याने आलेली मुले रुंद पडद्यावर लांब ओळ लिहितात, ओळीचे शेपूट बहात्तरच्या पलीकडे जाते, आणि त्यातील बेरजेचे शेवटचे पद कंपायलर निमूटपणे सोडून देतो. सगळे इशारे चालू ठेवले असतील तर तो सांगतो, नाहीतर नाही.

मग ही मर्यादा सरळ काढून का टाकली नाही, असे ती मुले मला विचारतात. काकांच्या गठ्ठ्यातले कोणतेही कार्ड हातात घेतले की उत्तर मिळते. बहात्तरच्या पलीकडचे रकाने वाचायला सुरुवात केली, तर तेथील अनुक्रमांक विधानाला चिकटतील आणि चांगला प्रोग्रॅम मोडेल. बाहेरून मोकळी दिसणारी ती जागा लोकांनी केव्हाच वापरात आणली होती.

फोर्ट्रान ९०ने यावर जो मार्ग काढला तो मला आजही अत्यंत समंजस वाटतो. जुना साचा त्यांनी हात न लावता ठेवला आणि शेजारी नवा मुक्त साचा उभा केला: १३२ अक्षरांपर्यंतची ओळ, रकान्यांचे बंधन नाही, आणि नावे सहाऐवजी ३१ अक्षरांपर्यंत. ही सहा अक्षरांची मर्यादा जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ साली आयबीएम ७०४साठी केलेल्या पहिल्या फोर्ट्रानपासूनची. त्या मशीनच्या ३६ बिटांच्या एका शब्दात सहा अक्षरे मावत. फाईल कोणत्या साच्यात आहे ते प्रत्येक फाईलपुरते ठरते, सहसा तिच्या नावाच्या शेपटावरून, आणि दोन्ही साच्यांतील फायली एकाच प्रोग्रॅममध्ये शेजारी शेजारी नांदतात. त्यामुळे आमचा १९७३चा भाग आणि मी गेल्या वर्षी लिहिलेला भाग एकमेकांना बोलावू शकतात, आणि कोणालाही दुसऱ्याच्या नियमांनी वाचले जात नाही.

नेमके हेच आमच्या लूपच्या बाबतीत घडले नव्हते. तो कोणत्या पिढीच्या नियमांनी वाचायचा, याची नोंद त्या लिखाणात नव्हती; ती कुठल्या तरी दुसऱ्या फाईलमध्ये होती आणि ती फाईल मागे राहिली.

याच सुमारास घरी एक प्रसंग घडला, त्याने हा मुद्दा माझ्या मनात पक्का बसला. माझी पुतणी पणजोबांची जुनी पत्रे वाचत होती. १९५४ सालच्या एका पत्रात 'सर्व सामान घरांत ठेविलें आहे' असे वाक्य आहे. ती म्हणाली, "आत्या, पणजोबांची किती घरं होती गं?" घर एकच होते, रावपुऱ्यातले. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ साली आले आणि १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली. त्यांनी उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातून काढले. 'नाहीं'चे 'नाही' झाले, 'ठेविलें'वरचा अनुस्वार गेला. त्याने कोणाचे काही बिघडले नाही, जुने लेखन डोळ्यांना जुने दिसते इतकेच. परंतु 'घरांत' हे रूप पूर्वी एका घरासाठीही चाले आणि अनेक घरांसाठीही. नव्या नियमांनी एकवचनाला 'घरात' दिले आणि 'घरांत' अनेकवचनासाठी राखून ठेवले. हा फरक मला मनापासून आवडतो, लेखन त्याने स्पष्ट झाले. पण त्याच बदलाने आजोबांचे वाक्य, एक टिंबही न हलता, दुसरेच काही सांगू लागले. आम्ही १९६० नंतर गुजरातेत राहिलो. नियम महाराष्ट्रात ठरले आणि छापील पुस्तकांतून आमच्यापर्यंत आले. पुतणीला मी पत्राच्या कोपऱ्यातली तारीख दाखवली आणि पुढची पत्रे ती बरोबर वाचू लागली. फोर्ट्रानच्या फाईलला अशी तारीख नसते.

पायथन या दुसऱ्या भाषेचा इतिहास या दृष्टीने पाहिला की त्यातील दुःख नेमके कुठे होते ते कळते. पायथन ३.० डिसेंबर २००८मध्ये आले आणि पायथन २चा आधार १ जानेवारी २०२०ला संपला; मूळ मुदत २०१५ होती, ती पाच वर्षांनी वाढवावी लागली. लोक सहसा छापण्याच्या विधानाला कंस लागले त्याची आठवण काढतात, पण तो बदल निरुपद्रवी होता, कारण जुनी ओळ नव्या पायथनमध्ये तत्काळ चूक म्हणून अडते. खरी धास्ती भागाकाराची होती. ३/२ याचे उत्तर पायथन २मध्ये १ आणि पायथन ३मध्ये १.५, आणि कोठेही अडखळणे नाही. अभियांत्रिकी गणितात असा बदल एखाद्या गुणांकात लपून वर्षानुवर्षे राहू शकतो. आणि विशेष म्हणजे या भागाकारासाठी उत्तम मार्ग पायथननेच २००१ साली, आवृत्ती २.२मध्ये, दिलेला होता: फाईलच्या डोक्यावर एक ओळ लिहून ती फाईल भविष्यातील भागाकार मागवू शकत होती, आणि शेजारची फाईल जुन्या भागाकाराने चालत राही. हीच पद्धत शक्य तितकी पुढे ताणली असती तर बरे झाले असते, असे मला वाटते. त्याऐवजी २ आणि ३ यांच्या फायली एका प्रोग्रॅममध्ये एकत्र चालू शकत नव्हत्या. म्हणून मी वापरत असलेली प्रत्येक लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला तयार भाग, पुढे जाईपर्यंत मला थांबणे भाग होते, आणि त्या लायब्ररीचे लेखक त्यांच्या वापरकर्त्यांसाठी थांबले होते. काढून टाकलेले यू हे अक्षरांच्या मजकुरापुढचे चिन्ह २०१२ साली, ३.३मध्ये, परत आणावे लागले, ते एकच फाईल दोन्हीकडे चालावी एवढ्यासाठी.

पुढे त्याच भाषेने हा धडा घेतलेला दिसतो. २०२१ साली ३.१०मध्ये मॅच हे नवे विधान आले, तेव्हा मॅच नावाची असंख्य व्हेरिएबल व फंक्शने आधीच लिहिलेली होती. पायथनने हा शब्द पूर्ण राखीव केला नाही. तो विधानाच्या जागी आला तरच विधान, एरवी साधे नाव. आदल्या वर्षी ३.९मध्ये पार्सर, म्हणजे लिखाणाची रचना ओळखणारा भाग, बदलून जुनी तांत्रिक मर्यादा काढली होती, म्हणून हे सुकर झाले.

रस्ट या भाषेत प्रत्येक पॅकेज आपले एडिशन, म्हणजे नियमांची पिढी, स्वतःच्या फाईलमध्ये नोंदवते, २०१५, २०१८, २०२१ किंवा २०२४, आणि वेगवेगळ्या एडिशनची पॅकेजे एकत्र बांधली जातात. गो भाषेने २०२४च्या १.२२ आवृत्तीत लूपमधील व्हेरिएबलचा अर्थच बदलला, तोही आवाज न करणारा बदल, परंतु तो ज्या मॉड्यूलच्या फाईलमध्ये १.२२ किंवा पुढची आवृत्ती लिहिली आहे त्यालाच लागू होतो. माझ्या लूपला असे भाग्य लाभले असते तर किती बरे झाले असते, हा विचार ते वाचताना मनात आल्याशिवाय राहिला नाही. याउलट वेबपानांच्या जावास्क्रिप्ट भाषेत पानावर आवृत्ती लिहिलेली नसते, म्हणून तिथे नल, म्हणजे 'काहीच नाही', या मूल्याचा प्रकार 'ऑब्जेक्ट' सांगणारी १९९५ची चूक आजही तशीच आहे. २००९चा 'यूज स्ट्रिक्ट' हा शेरा फाईलच्या डोक्यावर लिहायची सोय झाली तेव्हाच काही जुन्या खोडी मोडता आल्या.

जुने जपण्याचा खर्च नसतो असे मात्र कोणी समजू नये, आणि तो खर्च बहुधा नवख्यांकडून वसूल होतो. फोर्ट्रानमध्ये न घोषित केलेले नाव आपोआप व्हेरिएबल होते: आय ते एन यांपैकी एका अक्षराने सुरू होत असेल तर पूर्णांक, नाहीतर दशांश. नावात शून्याच्या जागी ओ पडला की कंपायलर तक्रार न करता नवे व्हेरिएबल तयार करतो. हे टाळायला 'इम्प्लिसिट नन' ही ओळ लिहावी लागते, आणि २०२३च्या मानकातही मूळ वर्तन तेच आहे. गेल्या वर्षी आमच्याकडील एका प्रशिक्षणार्थी मुलीचे तीन दिवस अशा एका अक्षरापायी गेले. ती रडकुंडीला आली होती आणि तिचे काहीही चुकले नव्हते. १९५७च्या कार्डांसाठी तिने तीन दिवस का द्यावेत, याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. फोर्ट्रान ९०ने मुक्त साचा आणला त्या दिवशी जगात त्या साच्यातील एकही जुनी फाईल नव्हती. नव्या साच्यात घोषणा सक्तीची केली असती तर कोणाचेही काही मोडले नसते. मी त्या समितीचा मनापासून आदर करते, पण ही संधी त्यांनी सोडली याचे मला दर वर्षी नव्या मुलांना शिकवताना वाईट वाटते.

आमच्या प्रोग्रॅमच्या ४१ फायलींच्या डोक्यावर मी आता टिपणीच्या ओळी घातल्या आहेत: लिखाण कोणत्या वर्षीचे, कोणत्या नियमांनुसार, कोणता कंपायलर व कोणता स्विच गृहीत धरलेला. कंपायलर त्या वाचत नाही, पण पुढे येणारा माणूस वाचेल. वर्षे काकांनी सांगितली, काही डब्यातल्या कार्डांवरून. मग आम्ही दोघांनी रविवारमागून रविवार बसून सगळे लूप पाहिले. शेवटची संख्या शून्य होऊ शकेल असे एकोणीस निघाले. त्यांपैकी तेरांना फरक पडत नव्हता, आणि चार ठिकाणी लूपबाहेर काढायचे काम काकांनी स्वतः पेन्सिलने लिहून दिले. उरलेल्या दोघांपाशी आपण त्या वेळी काय योजले होते ते त्यांना आठवेना. त्या दोन्हींच्या आधी मी तपासणी ठेवली आहे. तिथे शून्य आले तर प्रोग्रॅम उत्तर न देता थांबतो आणि कोणत्या फाईलमधील कोणत्या ओळीपाशी थांबला ते छापतो.